फौजेतून घरी येताना: कागद, पलटण आणि एक वही

३० एप्रिल २०२४ ला मी पेन्शन आलो. मराठा लाइट इन्फन्ट्री, २८ वर्षं, शिपाई म्हणून भरती झालो आणि सुभेदार म्हणून घरी आलो. तेव्हापासून गावातल्या आणि पलटणीतल्या मिळून वीसेक जणांनी फोन करून तेच तेच विचारलं, साहेब कागदाचं कसं केलं, पैसे कधी आले, ईसीएचएसला (माजी सैनिकांची दवाखान्याची योजना) किती लागले. आणि जे आत्ता आत्ता नायब सुभेदार झालेत ते विचारतात की प्लाटून कशी सांभाळायची. मला या दोन्हीचं मूळ एकच वाटतं म्हणून एका जागी लिहून टाकतो. लांबेल, पण ज्याला गरज आहे तो वाचेल.

सुरुवात होते डिसेंबर २०२२ पासून. सुभेदारची नोकरी २८ वर्षांची, त्यानंतर दोन वर्षं एक्सटेन्शन मिळू शकतं, त्यासाठी स्क्रीनिंग होतं, मेडिकल बघतात, रिपोर्ट बघतात. त्याच्या आधी तुम्हाला लिहून द्यावं लागतं, विलिंग की अनविलिंग. मी अनविलिंग दिलं. आईला एकटीला आता जमत नव्हतं आणि धाकटी बारावीला जाणार होती. सही करायला अर्धा मिनिट लागलं. मग मी कंपनी ऑफिसमधून बाहेर येऊन कोतच्या (हत्यारं ठेवायची खोली) मागं जाऊन उभा राहिलो, कुणाशी बोलावंसं वाटत नव्हतं, १९९६ साली कोल्हापूरच्या भरतीत सोळाशे मीटर पळताना जी छाती भरून आली होती तशीच भरून आली. ज्यांना पुढं हे करायचंय त्यांना सांगतो, तो दिवस जड जातो, घरी फोन लावा, एकटे बसू नका.

पेन्शनचे कागद साधारण वर्षभर आधीपासून सुरू होतात. मार्च २०२३ मध्ये हेडक्लार्कनी माझी शीट रोल, म्हणजे नोकरीच्या नोंदींचा कागद, काढली आणि म्हणाले, साब, मॅडमचं नाव बघा. रेकॉर्डला मिसेसचं माहेरचं नाव. लग्न झाल्यावर २००१ मध्ये जी पार्ट टू ऑर्डर (रेकॉर्डला नोंद करायचा युनिटचा आदेश) झाली ती माहेरच्या नावानं, आणि आधार, पॅन, बँक सगळीकडं सासरचं नाव. जन्मतारीख पण वेगळी, आधारवर १ जून. आपल्याकडं गुरुजींनी शाळेत घालताना निम्म्या गावाची १ जूनच लावलीय. नाव वेगळं, तारीख वेगळी, म्हणजे कागदावर ती दोन वेगळ्या बायका.

मला घाम फुटला, कारण हे कुठं जातं ते मी बघितलंय. आमच्या कंपनीतला एक हवालदार सुट्टीवर असताना अपघातात गेला, त्याच्या बायकोचं नाव असंच जुळत नव्हतं आणि ती फॅमिली पेन्शनसाठी कितीतरी महिने लेकरू कडेवर घेऊन या दारातून त्या दारात फिरत होती. मी स्वतः तिच्याबरोबर दोनदा गेलो होतो. त्यानंतर प्लाटूनमधल्या प्रत्येकाची किंड्रेड रोल, म्हणजे घरच्यांच्या नोंदींची यादी, मी तपासायला लागलो, बायकोचं नाव, मुलांच्या तारखा, कुणाची ऑर्डर राहिलीय, सगळं. आणि स्वतःची, पुढच्या महिन्यात बघू, पुढच्या महिन्यात बघू करत १० वर्षं राहिली. यात ऑफिसचा काही दोष नाही, चूक पूर्ण माझी. आपल्या माणसांना जो नियम लावतो त्यातून स्वतःला वगळायचं नाही हे मला इतक्या उशिरा कळलं.

दुरुस्तीला मार्च ते ऑगस्ट, म्हणजे पाच महिने गेले. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, मिसेसचा शाळा सोडल्याचा दाखला, दोन पेपरात जाहिरात, हे सगळं युनिटमधून पुढं गेलं आणि पार्ट टू ऑर्डर पब्लिश होऊन आली. जाहिरात, नोटरी, झेरॉक्स, तालुक्याला जाणं-येणं धरून साडेचार हजाराच्या आसपास खर्च झाला. शाळेचा दाखला काढायला मिसेस माहेरी तीनदा गेली, कारण जुनं रजिस्टर सापडत नव्हतं. प्रत्येकाच्या केसमध्ये कागद थोडे वेगळे लागतात, तुमच्या हेडक्लार्कला विचारा, पण आज विचारा. रिटायरमेंटला सहा वर्षं असतील तरी आज.

आता वहीचं सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे.

१९९८ मध्ये मी जम्मू-काश्मीरमध्ये शिपाई होतो. मोबाईल नव्हते, डाक यायची. आमचे प्लाटूनचे जेसीओ (ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर, नायब सुभेदार आणि त्याच्या वरचे सुभेदार) साहेब डाक वाटायच्या वेळी बाजूला उभे राहायचे आणि काहीतरी लिहायचे. आम्हाला वाटायचं कुणाला किती मनीऑर्डर पाठवायच्यात ते लिहितात. एका संध्याकाळी रोलकॉल झाल्यावर त्यांनी मला थांबवलं, म्हणाले, "तुझं पत्र तीन आठवडे झाले आलं नाही. घरी काय झालंय?" मी म्हणलं काही नाही साहेब. ते गेले नाहीत, उभेच राहिले. मग मी सांगितलं की वडील आजारी आहेत आणि पत्र लिहून देणारं दुसरं कुणी घरात नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी कंपनी कमांडर साहेबांशी बोलून मला १० दिवस पाठवलं. वडील त्या खेपेला वाचले. ते साहेब पत्र आलेल्यांची नावं लिहीत नव्हते, न आलेल्यांची लिहायचे.

मी लान्स नायक झालो तेव्हा खिशात मावेल अशी एक वही घेतली. एका माणसाला एक पान. गाव, घरात कोण, शेती किती, कर्ज आहे का, बायकोशी पटतं का, कशाची भीती वाटते, कशात हुशार आहे. शेवटी शेवटी अशा सात वह्या झाल्या.

पण वही असून चूक होतेच. २००९ मध्ये मी हवालदार, सेक्शन कमांडर म्हणून ग्लेशियरवर गेलो. कुठली पोस्ट ते लिहीत नाही. वर जायच्या आधी ॲक्लिमटायझेशन, म्हणजे उंचीवरच्या हवेची सवय करणं, असतं, ९ हजार फुटांच्या वर गेलं की पहिला टप्पा सहा दिवसांचा, १२ हजाराच्या वर चार दिवस, १५ हजाराच्या वर आणखी चार, घाई केली तर फुप्फुसात पाणी होतं. हे आम्ही सगळं नीट केलं. वर गेल्यावर रोजचं एक काम पक्कं, पाय तपासणे. संध्याकाळी स्टोव्हजवळ एकेकानं मोजे काढायचे, कमांडरनं प्रत्येक बोट अंगठ्यानं दाबून बघायचं, दाबलेली जागा पांढरी होते आणि सोडल्यावर लाली परत आली पाहिजे. रॉकेलच्या धुरानं सगळ्यांची बोटं, नखं काळी असतात, थुंकी पण काळी येते, त्या काळ्या हातांनी एकेकाचे पाय धरून बघायचे.

एक दिवस गस्तीवरून येताना एक पोरगा मागं पडत होता. मी त्याला दोरावरच्या सगळ्यांच्या समोर झाडलं, नको ते बोललो. तो काही बोलला नाही. त्याच्यापुढं चालणारा दुसरा पोरगा, सांगलीकडचा, हे सगळं ऐकत होता. त्याच्या पायाला तेव्हाच मुंग्या येत होत्या पण त्यानं सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर त्याला पण मी तसंच बोललो असतो. त्या संध्याकाळी मी मोजे काढून तपासले नाहीत, सगळे दमलेत म्हणून नुसतं विचारलं, ठीक आहे का रे? सगळे म्हणाले ठीक आहे. दुसऱ्या दिवशी त्याचं अंगठ्याशेजारचं बोट मेणासारखं झालं होतं, दाबलं तरी काही फरक नाही. खाली पाठवला, हेलिकॉप्टर मिळालं, जीवाला धोका नव्हता. बोटाचं टोक गेलं.

त्याच्यानंतर मी १५ वर्षं नोकरी केली आणि कुणाला चार लोकांत बोललो नाही. बाजूला घेऊन कडक बोललो, शिक्षा पण दिल्यात, पण चार लोकांत नाही. माणूस घाबरला की आधी बातमी लपवतो, आणि जी बातमी तुमच्यापर्यंत येत नाही तीच माणूस गमावून बसते. तो पोरगा आता नायक आहे, दिवाळीला फोन करतो, त्यानं मला कधी दोष दिला नाही, तरी त्याचा फोन आला की माझं लक्ष माझ्याच पायाकडं जातं.

दुसरी गोष्ट छुट्टीची. बाहेरच्या लोकांना वाटतं फौजेत लीडरशिप म्हणजे गोळीबारात पुढं जाणं. ते आहेच. पण वर्षातले बाकीचे दिवस लीडरशिप म्हणजे छुट्टीचं रजिस्टर. जवानाला वर्षाला ६० दिवस ॲन्युअल आणि ३० दिवस कॅज्युअल लीव्ह असते आणि एका वेळी ठरलेले एवढेच लोक बाहेर जाऊ शकतात. आता आमच्या प्लाटूनमध्ये कोकणातल्या पोरांना गणपतीला जायचं असतं, घाटावरच्यांना गावच्या जत्रेला, सगळ्यांना मे महिन्यात लग्नाला. मी नायब सुभेदार झालो २०१६ मध्ये, पहिल्या दोन वर्षांत एका हुशार पोराला, जो माझं काम न सांगता करायचा, त्याला लागोपाठ दोन गणपती दिले. मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. पण महिन्याभरात प्लाटून थंड पडली. काम व्हायचं, पण कुणी हसायचं नाही, लंगरमध्ये मी गेलो की गप्प बसायचे. शेवटी एका जुन्या नायकानं सांगितलं, साहेब, गणपतीचा हिशोब चुकला.

मग मी मोठा कागद घेतला, मागच्या तीन वर्षांत कोण कुठल्या सणाला घरी होता ते सगळं लिहिलं आणि बॅरेकच्या भिंतीवर लावलं. ज्याला वाटतं चुकलंय त्यानं येऊन पेन्सिलनं दुरुस्त करावं. पहिल्या आठवड्यात चार दुरुस्त्या झाल्या, त्यातली एक माझ्याच नावापुढं, मी पण एक दिवाळी जास्त घेतली होती. त्यानंतर छुट्टीवरून भांडण झालं नाही. कुणाची बायको बाळंत होणार असली तर पोरं आपापसात बदलून घ्यायची, माझ्यापर्यंत यायचं सुद्धा नाही.

आणि एक, नव्या जेसीओंना. तुमचा प्लाटून कमांडर लेफ्टनंट २३ वर्षांचा असेल आणि तुमची नोकरी त्याच्या वयाएवढी असेल. तो चुकेल. नकाशावर त्यानं दाखवलेल्या वाटेनं गेलं तर पोरं दरीत उतरतील हे तुम्हाला दिसेल. तिथं सगळ्यांच्या समोर "नहीं साहब" म्हणायचं नाही. "साहब, एक मिनट" म्हणून बाजूला घ्यायचं, तुमचं म्हणणं सांगायचं, आणि मग ऑर्डर त्याच्याच तोंडून जाऊ द्यायची. मी सहा-सात लेफ्टनंट बघितले, सगळे शिकले, आणि मला पण त्यांनी शिकवलं. एकानं मला कॉम्प्युटरवर एक्सेल शिकवलं, रोज रात्री अर्धा तास, महिनाभर, त्याला कधी कमीपणा वाटला नाही.

परत कागदाकडं येतो. सप्टेंबर २०२३ मध्ये जॉइंट फोटो, मिसेसला बोलावून घेतलं होतं. फोटो जास्तच काढून ठेवा, मी २० काढले आणि सगळे संपले. बँकेत जॉइंट अकाउंट असू द्या. पेन्शन आता स्पर्श या ऑनलाइन यंत्रणेतून येते, त्याचं काम प्रयागराजवरून चालतं, आणि तुमची सगळी माहिती तुम्हाला एकदा तपासायला देतात, त्याला पीडीव्ही म्हणतात. ते मोबाईलवर बघून ओके करू नका. मी मोठ्या स्क्रीनवर, शीट रोल शेजारी ठेवून, एकेक अक्षर बोटानं वाचलं, मुलाच्या नावात एक अक्षर जास्त होतं, ते तिथंच दुरुस्त झालं. मोबाईल नंबर आधारला जोडलेला आणि कायम राहणारा द्या, युनिटच्या गावात घेतलेलं सिम देऊ नका.

मधल्या काळात डीजीआरचा (फौजेतून निवृत्त होणाऱ्यांच्या पुनर्वसनाचं खातं) चोवीस आठवड्यांचा कोर्स केला. खरं सांगायचं तर कोर्सपेक्षा तिथं भेटलेल्या इतर रेजिमेंटच्या लोकांकडून जास्त समजलं.

जानेवारी २०२४ मध्ये रिलीज मेडिकल बोर्ड. चार दिवस लागले, रक्त, एक्सरे, कान, डोळे, दात. आपल्या लोकांची सवय असते सगळीकडं "ठीक है साब" म्हणायची. इथं म्हणू नका. मला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, फायरिंगमुळं, मी कधी बोललो नव्हतो, बोर्डात सांगितलं. जे दुखतंय ते नोंदवून घ्या, नंतर सिद्ध करत बसावं लागतं.

कम्युटेशनचा, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकायचा, निर्णय मिसेसबरोबर बसून घेतला. पेन्शन शेवटच्या पगाराच्या निम्मी बसते, त्यातला ५० टक्क्यांपर्यंतचा भाग विकता येतो, त्याचे एकरकमी पैसे मिळतात आणि तो भाग १५ वर्षांनी परत सुरू होतो. महागाई भत्ता मात्र पूर्ण पेन्शनवरच मिळत राहतो, हे अनेकांना माहीत नसतं. आम्ही पूर्ण विकला कारण घराचं कर्ज होतं. कर्ज नसेल तर आधी पेन्सिल-कागद घेऊन हिशोब करा, शेजाऱ्यानं केलं म्हणून करू नका.

एप्रिलमध्ये क्लिअरन्स. कोत, क्वार्टर मास्टर, कँटीन, मेस, लायब्ररी, प्रत्येक ठिकाणची सही. चार्ज दिला. बडाखाना, म्हणजे सगळ्यांचं एकत्र जेवण, झाला. शेवटच्या रोलकॉलला मी ठरवून काही बोलणार नव्हतो, पण सगळ्यांनी मिळून "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय" दिला आणि मला पुढं एक शब्द सुचला नाही. वही नव्या नायब सुभेदाराच्या हातात दिली, शेवटची, चालू असलेली. बाकीच्या सहा माझ्याजवळ आहेत. मग बेळगावला सेंटरमध्ये डिस्चार्जचं काम. ज्या गेटातून १९९६ मध्ये पत्र्याची पेटी घेऊन आत गेलो होतो त्याच गेटातून डिस्चार्ज बुक घेऊन बाहेर आलो. ते बुक त्याच दिवशी स्कॅन करून मुलाच्या मेलवर टाकलं. तुम्हीही टाका, ते हरवलं तर फार त्रास होतो.

पहिली पेन्शन मे महिन्याच्या शेवटी जमा झाली. ग्रॅच्युइटी आणि कम्युटेशनचे पैसे वेगवेगळ्या दिवशी आले, त्यामुळं एक आलं आणि दुसरं नाही म्हणून घाबरू नका, स्पर्शच्या लॉगिनवर दिसतं. ईसीएचएसचं एकदाच भरायचं योगदान जेसीओला ६७ हजार, हवालदारपर्यंत ३० हजार. कार्ड यायला वेळ लागतो, तोवर ऑनलाइनची स्लिप चालते, तिची प्रिंट पाकिटात ठेवा. साताऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नाव नोंदवलं, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), आधार, फोटो, सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स घेऊन गेलो, तरी दोन चकरा झाल्या. तिथलं माजी सैनिकाचं ओळखपत्र मात्र लवकर करून घ्या, पुढं सगळीकडं तेच मागतात, घरपट्टी माफीच्या अर्जाला सुद्धा. आणि वर्षातून एकदा जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखला, द्यायचं, फोनवर चेहरा दाखवून पण होतं, ते चुकलं तर पेन्शन थांबते.

घरचं थोडक्यात लिहितो. पहिले दोन महिने पहाटे साडेचारला जाग यायची आणि करायला काही नसायचं. तिसऱ्या आठवड्यात मी मिसेसला सांगायला लागलो की पाण्याची पाळी अशी ठेव, धान्य असं रच. ती काही बोलली नाही, कपाटातून तिच्या हिशोबाच्या वह्या काढून पुढं ठेवल्या. सोसायटीचं पीककर्ज, विहिरीच्या मोटारीची दुरुस्ती, आईच्या गोळ्या, मुलांच्या फिया, २३ वर्षांचं सगळं तारखेसकट. मी दोन दिवस ते वाचत बसलो. आता पाण्याची पाळी ती लावते आणि मी रानात पाण्याचं दार धरायला जातो.

रविवारी सकाळी मारुतीच्या देवळात बसतो, ज्यांचे कागद अडलेत ते येतात. जास्त करून बायकोच्या नावाचंच असतं.

परवा नव्या नायब सुभेदाराचा फोन आला, रोलकॉलच्या आधीची वेळ होती, मागं पोरांचा आवाज येत होता. म्हणाला, "साहेब, वहीत एकोणिसाव्या पानावर खाली नुसतं 'आई, डोळा' असं लिहिलंय, म्हणजे काय?" मी सांगितलं, त्या पोराच्या आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलंय, घरी दुसरं कुणी नाही, आणि तो स्वतःहून छुट्टी मागणार नाही. ऑपरेशनची तारीख त्याला विचार आणि भिंतीवरच्या कागदावर त्याचं नाव आधी लिही.